शीळ, दात आणि चाळीस मालक

आंघोळीच्या साबणाची एक जुनी जाहिरात होती. त्यात एक देखणा माणूस डोक्याला फेस लावून मजेत शीळ घालायचा. माणूस कुणीतरी भाड्याने आणलेला होता, शीळ माझ्या काकाची होती. पुढे साबणाचा रंग बदलला, आकार बदलला, देखणा माणूससुद्धा दोनदा बदलला, पण शीळ तीच राहिली. काकाला तिचे पैसे एकदाच मिळाले, पाकिटात घालून, स्टुडिओबाहेरच्या बाकावर. हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. काकाचं फिरत नाही.

"ठमे," तो म्हणतो, "काम झालं, पाकीट मिळालं, विषय संपला."

ठमी मी. खरं नाव घरात कुणी वापरत नाही.

काका त्या स्टुडिओत लागला तो वायरी गुंडाळायला. समोरच्या दोन दातांत चांगली फट, आणि काम करताना शीळ घालायची सवय. एका दुपारी बासरीवाला आलाच नाही, सगळ्यांचं घोडं अडलं, आणि संगीतकाराने वायरी गुंडाळणाऱ्याला माइकपुढे उभं केलं. तेव्हापासून स्टुडिओत त्याचं नाव बुलबुल. गोल पोटाच्या, बुटक्या माणसाला ते मुळीच शोभत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. शेकडो गाण्यांत त्याच्या शिळेचे तुकडे आहेत. एकाही गाण्यावर त्याचं नाव नाही.

या कामाची शिस्त त्याने जिवापाड पाळली. कामाच्या दिवशी तिखट नाही, बिस्किटाचा चुरा नाही, नुसतं कोमट पाणी. माइकपुढे जरा तिरकं उभं राहायचं, म्हणजे फुंकर थेट माइकवर जात नाही आणि फुसफुस येत नाही. आणि घरी आल्यावर ओठांना पूर्ण विश्रांती. घरात त्याने कधी शीळ घातली नाही. काकू भाजी निवडताना यावरून त्याला हमखास टोमणा मारायची.

"जगाला शीळ आणि घरात मिठाची गुळणी."

"अगं, ओठ दमतात."

"माझ्याच वाट्याचे बरे दमतात."

मग एके दिवशी सफरचंद खाताना त्याचा समोरचा दात हलला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला, हिरडी दाबून पाहिली आणि सांगितलं की वरचे पुढचे सगळे दात काढावे लागतील, लवकरात लवकर. काका घरी येऊन हसत म्हणाला, "आता बुलबुलच्या तोंडाचं बोळकं." आणि चहा न घेताच आतल्या खोलीत जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो पलंगाच्या कडेवर बसून, घरात पहिल्यांदाच, हळूच एका सुरावटीची शीळ घालत होता. मी ती आधी ऐकलेली नव्हती.

"ही कुणाची?"

"माझी," तो चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला. स्टुडिओत वाट बघत बसण्याच्या वेळात त्याने ती थोडी थोडी करून रचली होती. कुणी मागितली नाही, म्हणून कधी रेकॉर्ड झाली नाही. दात गेले की तीही जाणार होती.

मी लोकांना वेबसाइट बनवून देते, त्यामुळे एनएफटी, म्हणजे संगणकावरच्या वस्तूची मालकी विकायचा प्रकार, मला ठाऊक होता. मी काकाला तो समजावायला बसले. "ऐकायला ती सगळ्यांना फुकट. पण तिच्या फक्त चाळीस प्रती अशा काढायच्या, की प्रत्येकीवर मालकाची नोंद. ती नोंद कुणाच्या कपाटात नसते, असंख्य संगणकांवर असते, म्हणून कुणाला गुपचूप खोडता येत नाही. आणि घेणाऱ्याने पुढे विकली, तर दर वेळी दहावा हिस्सा तुला."

"विकलेल्या वस्तूचे मला पुन्हा पैसे का?"

"कारण सुरावट तुझी आहे."

"पण मी विकली ना?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. काकूने मात्र तिथल्या तिथे निकाल लावला. "अहो, ती म्हणते तसं करा. दात तुमचं ऐकायला थांबणार नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मुश्किलीने एक आठवडा दिला. जुन्या स्टुडिओतल्या एका भल्या माणसाने खोली फुकट दिली. काका हेडफोन लावून, सवयीने जरा तिरका उभा राहिला. दात एका जागी राहावा म्हणून त्याने जीभ मागून टेकवून धरली होती, हे मला काचेपलीकडून दिसत होतं. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्या वेळी सुरावट शेवटपर्यंत गेली. मी रडले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

साबणाच्या जाहिरातीतली शीळ घालणारा माणूस हाच, असं मी विक्रीच्या पानावर लिहिलं. त्यावर नुसत्या उड्या पडल्या. चाळीसच्या चाळीस प्रती गेल्या. काकाला आयुष्यात एकरकमी एवढे पैसे कुणी दिले नव्हते. तो खूश झाला, दात काढून आला, आणि आठवडाभर पातळ खिचडीवर राहिला.

मग पहिल्यांदा एक प्रत पुढे विकली गेली. काकाच्या हिश्शाचा निरोप माझ्या फोनवर आला आणि मी धावत त्याच्याकडे गेले. त्याचा चेहरा पडला.

"परत केली वाटतं त्याने," बोळक्या तोंडाने तो म्हणाला. "आवडली नशेल."

"अरे, जास्त पैसे देऊन दुसऱ्याने घेतली."

"पण पहिल्याला नको झाली ना?"

जसजशा प्रती पुढे गेल्या, तसतसे पैसे येत राहिले आणि काका खंगत चालला. मिळकतीने आजारी पडणारा हा पहिलाच कलाकार असावा. शेवटी वैतागून मी त्याच्यापुढे फोनचा पडदाच धरला. "हे वाच. पहिला मालक, दुसरा, तिसरा. आणि सगळ्यांच्या वर काय लिहिलंय?"

त्याने चष्मा चढवला. वर त्याचं नाव होतं, आडनावासकट.

"प्रत्येकीवर आहे?"

"प्रत्येकीवर. कुणीही कुणालाही विकली तरी ते हलत नाही."

त्याने काकूला हाक मारली आणि तिलाही ते वाचायला लावलं. त्यानंतर प्रत विकली गेल्याचं कळलं, की पैशांचं न विचारता तो म्हणायचा, "नाव आहे ना वर?"

पुढे त्या बाजाराची हवा गेली. किमती पडल्या, काही ठिकाणी तर कलाकाराचा हिस्सा देणंच बंद झालं. त्यावर मी चिकार चरफडले. पण तोवर कवळीचे पैसे जमले होते.

डॉक्टरीणबाईंनी नमुन्याचे दात दाखवले, मोत्यासारखे सरळ. काका भिडस्त, त्याने लगेच मान डोलावली.

"मधली फट ठेवा," काकू म्हणाली.

"अहो, फट बरी दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला बघायचं नाहीये. ऐकायचंय."

काकाने तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून चपलेशी चाळा करत बसला.

फट ठेवलेली कवळी आली. पहिले काही दिवस नुसतीच हवा. काका मोरीत दार लावून सराव करायचा आणि आम्ही ऐकू येत नाही असं दाखवायचो. मग एका सकाळी मी गेले, तर काकू ओट्याशी शेंगा सोलत होती आणि तो तिच्या शेजारी उभा होता. त्याने तीच सुरावट सुरू केली. सूर अर्धा, फुंकर अर्धी, वरच्या पट्टीत थुंकीसुद्धा. बाजारात कुणी कवडी दिली नसती. माझा हात फोनकडे गेला, काकूने एकदा पाहिलं, आणि मी फोन परत ठेवला.

काका सवयीने जरा तिरका उभा होता. काकूने हात पुसले आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ आपल्यासमोर वळवलं.

"मी काय माइक आहे?"

"अगं, तोंडावर उडेल."

"उडू दे."

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मधेच काकूने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा चढवला आणि म्हणाली, "हं, पुढे."