एक जूनचे गुरुजी

मलकापूरच्या गणपतराव गुरुजींनी छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. शाळा सुरू व्हायच्या सुमारास काखेत रजिस्टर मारून ते वाडीवस्तीवर पोरं गोळा करत फिरत. जन्मतारीख विचारली की आया सांगत, "भातकापणी चालली हुती बघा." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात तारीख पडे, एक जून. शाळा उघडायच्या वेळी वय पुरं भरे आणि कुणाचं वर्ष वाया जात नसे.

त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांचीही तारीख तीच. "मी बाळंत झाले तवा ह्यो माणूस सोप्यात बसला हुता," त्यांची बायको विठाबाई येईल त्याला सांगायची. "तरीबी एक जूनच!"

१९९८ साली ही तारीख फ्रान्सला पोचली. कोल्हापूरच्या एका कॉलेजातली तीन मुलं फ्रेंच आणि युरोपचा इतिहास शिकायला चार महिने तिकडच्या कॉलेजात जाणार होती. प्रसेनजीत आणि मनाली गुरुजींच्या हाताखालून गेलेले. तिसरा, अतुल, बिद्रीचा. त्याचे गुरुजी वेगळे, पण तारीख आणि साल तेच. अर्ज बघून तिकडच्या प्राध्यापक बाईंना वाटलं, एकाच माणसानं तिन्ही भरलेत. त्यांचा फॅक्स आला : शनिवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर जागा दुसऱ्यांना देऊ.

फ्रेंच शिकवणाऱ्या ऋता मॅडम बुधवारी प्रसेनजीतला घेऊन सकाळच्या एसटीनं मलकापुरात उतरल्या. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. "तारखा अंदाजानं लिहिल्या, एवढंच लिहून द्या, गुरुजी. त्याचं फ्रेंच मी करते."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "छत्तीस वर्षांत शेरेबुकात एक वाईट शेरा न्हाय माझ्या. आणि आता सही करून सांगू, मी खोटं लिहिलं?"

"खोटं कोण म्हणतंय, गुरुजी?" प्रसेनजीत म्हणाला. "पण आजी म्हणती, मी जयंतीच्या मिरवणुकीदिवशी झालो. तिला नीट विचारलंच न्हाईसा."

"विचारलं की! म्हणाली, लई ढोल वाजत हुतं. ढोल काय, लग्नातबी वाजत्यात!"

मॅडमना हसू आवरेना. गुरुजी मात्र उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. विठाबाईंनी आतून कागद आणि पेन आणून त्यांच्यापुढे धरलं.

"लिवा."

"सरकारला कळलं तर?"

"सरकारबी एक जूनलाच जल्मलं असंल. लिवा. तारीख खोटी, पोरं न्हाईत."

गुरुजी खाली बसले. पाऊण तास लागला. तीन कागद फाडले, चौथा राहिला. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला : "सदर मुलांचा जन्म केव्हा झाला हे मला ठाऊक नव्हते. तारीख नाही म्हणून त्यांची शाळा बुडू नये, यासाठी मी एक जून लिहिली. तिसऱ्या मुलाचे शिक्षक वेगळे, पण आमच्याकडे पुष्कळ शिक्षक असेच लिहीत. तारीख माझी आहे. मुले त्यांची स्वतःची, वेगवेगळी आणि हुशार आहेत."

गुरुवारी फॅक्स गेला. शुक्रवारी गुरुजींना घरात राहवेना. धुतलेला कोट चढवून, विठाबाईंना घेऊन ते कोल्हापूरला कॉलेजच्या ऑफिसात येऊन बसले. तिन्ही मुलं दाराशी उभी. मनाली नखं कुरतडत होती. चारच्या पुढं यंत्र खडखडलं. कागद बाहेर येऊ लागला, तशा मॅडम वाकून वाचायला लागल्या आणि त्यांचा चेहराच उजळला.

"मराठीत सांगू?"

"थांबा," गुरुजी म्हणाले. "आधी त्यांच्या भाषेत हुंद्या."

मॅडमनी सावकाश फ्रेंचमध्ये वाचलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक वाक्य संपलं की मान हलवून म्हणत, "बरोबर." पहिल्या दोन ओळींनंतरच मुलांनी आरडाओरडा सुरू केला. अतुलनं प्रसेनजीतला उचललं. गुरुजींनी त्यांना दटावलं, "वाचन चालू हाय!" सगळे गप्प. मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं.

"काय कळलं वो तुमास्नी?" विठाबाईंनी विचारलं.

"बाई मास्तरीण हाय," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "आणि पोरं पास झाली."