सर्चमध्ये पहिला आलेला लेख

वर्तमानपत्राची आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. उपसंपादकाची खुर्ची गेली आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, मी कंटेंट रायटर म्हणून रुजू झालो. बिल्डर, दवाखाने, क्लासेस यांच्या वेबसाइटसाठी आम्ही ब्लॉग लिहून द्यायचो. टीम लीडर माझ्याहून बरीच लहान होती. पहिल्याच दिवशी तिनं माझा लेख मोबाइलवर वरखाली सरकवला.

"सर, हे कुणी वाचणार नाही. नुसती भिंत आहे ही."

मग तिनं शिकवलं. परिच्छेद तीन-चार ओळींचा. थोड्या थोड्या अंतरानं उपशीर्षक, तेही प्रश्नाच्या रूपात, लोक टाइप करतात अगदी त्याच शब्दांत. उत्तर पहिल्याच वाक्यात. लोक जे शोधतात ते शब्द शीर्षकात हवेत, सुरुवातीला हवेत, मध्ये एकदा हवेत. पण कोंबल्यासारखे वाटता कामा नयेत. खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर होतं. वर्तमानपत्रात आम्ही वाचकाला गृहीत धरत होतो. ही मुलगी त्याच्या अंगठ्याचासुद्धा विचार करत होती. महिन्याभरात ते काम मला जमायला लागलं, आणि आवडायलाही.

त्या साली सलग दुसऱ्यांदा पावसानं पाठ फिरवली होती. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, ते कधी येईल याचा भरवसा नसायचा. तरी जालना रोडच्या दोन्ही अंगांनी इमारती उठतच होत्या. लोक काय शोधतात ते आम्हाला तक्त्यात दिसायचं. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं. "औरंगाबादमध्ये पाण्याची सोय असलेले फ्लॅट" ही ओळ त्या तक्त्यात एकसारखी वर सरकत होती. मुकुंदवाडीच्या पुढं एका बिल्डरचे तयार फ्लॅट पडून होते. त्याला याच ओळीवर लेख हवा होता.

मी बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. विचारलं, पाणी कुठून येतं?

"दोन बोअर आहेत."

"उन्हाळ्यात टिकतात का?"

"साहेब, बोअर आहेत एवढंच लिहा ना."

जुनी सवय, मी जाऊन आलो. गेटवरचा म्हातारा वॉचमन म्हणाला, "एका बोअरला नुसता गाळ येतोय. दुसरं तासभर चालतं, मग खाली हवाच." मी लेखाच्या शेवटी एक प्रश्न घातला: बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का? खाली लिहिलं की घर घेण्याआधी एप्रिल-मेमध्ये एकदा येऊन बघा, राहणाऱ्यांना विचारा.

टीम लीडरनं ते वाचून मान डोलावली. "प्रश्न एकदम भारी आहे सर. वर घ्या. उत्तर तेवढं बदला."

उत्तर मी बदललं. "प्रकल्पात दोन बोअरवेल असून चोवीस तास पाण्याचं नियोजन आहे." नियोजन हा शब्द माझा. पाणी आहे असं मी कुठंच म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या उपसंपादनाचं कसब त्या एका शब्दात उतरलं होतं. दोन महिन्यांत लेख सर्चमध्ये पहिला आला. ऑफिसात टाळ्या वाजल्या, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं की शाळेत आम्हाला मराठी शिकवणारे सर वेरूळजवळचं गाव सोडून शहरात राहायला आलेत. पत्ता घेऊन गेलो, तर रिक्षा त्याच गेटपाशी थांबली. आत टँकरभोवती ड्रमांची रांग. रांगेत सर, दोन्ही हातांत बादल्या. मी त्यांच्या हातातून त्या घेतल्या आणि आम्ही जिना चढलो.

काकूंनी चहा केला. सर घाम पुसत म्हणाले, "हिचे गुडघे गेले रे. गावात हापशावर जाणं होईना. म्हणून म्हटलं, पाणी असंल तिथं राहावं. मोबाइलवर शोधलं तर पहिलाच लेख हाच आला. लई नीट लिहिलेला. प्रश्न, खाली लगेच उत्तर. मी हिला म्हटलं, इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस फसवणार नाय."

गप्प बसता आलं असतं. पण बोलून गेलो. "सर, तो मी लिहिलाय."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. सरांनी हातातला कप खाली ठेवला.

"बोअरचं तुला ठाऊक होतं?"

"व्हय, सर."

"मग?"

मी बिल्डरचं, ऑफिसचं काहीतरी सांगू लागलो. त्यांनी ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. "चहा घे, गार होतोय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी टीम लीडरला तो लेख बदलूया म्हणालो. ती वाईट नव्हती. तिच्या घरीही टँकरच येत होता. "पहिल्या नंबरचं पान कुणी मोडतं का सर?" तिनं विचारलं, तेही हळूच.

मग मी फुकटच्या एका साइटवर स्वतःचा ब्लॉग काढला. तोच प्रश्न, आणि खरं उत्तर. तिनं शिकवलेलं सगळं पाळलं. महिनोन् महिने शोधलं, पण माझा लेख कुठल्या कुठं खाली असायचा. बिल्डरची साइट जुनी होती, सर्च ज्यांवरून क्रम लावतं ते दुवे शंभर ठिकाणांहून तिच्याकडं जात होते. माझ्याकडं कुणाचाच नव्हता. खऱ्याला वर आणायचं तंत्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बहुधा ते नसतंच.

नोकरी मी सोडली नाही. पुढं त्याच बिल्डरच्या आणखी दोन स्कीमवर लिहिलं. सर आणि काकू पावसाळ्याआधीच फ्लॅटला कुलूप लावून लेकीकडं नाशिकला निघून गेले. दिवाळीला मी फोन केला. सरांनी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं.

"बरं वाटलं तुम्ही फोन केलात," ते म्हणाले. सातवीपासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.