नाईकांचं 'ओव्हर'

माझ्या नवऱ्याला मी एकदा जिवंतपणी मारलं आहे. नुसत्या तोंडानं, पण अख्ख्या खडवलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आमचे हे पलटणीत वायरलेस ऑपरेटर. हुद्दा नाईक. काश्मीरच्या लढाईतून छातीत थंडी भरून घेऊन परत आले आणि पेन्शनीवर भातशेती बघू लागले. गाव त्यांना नाईक म्हणे. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून मीही तेच म्हणे. पहाटे उठणं, दाढी, बूट पॉलिश, मग म्हशीचं शेण. म्हैस धुतानाही माणूस सावधानमध्ये उभा. मुलीची वेणी घालायचे तीही इतकी ताठ, की पोर दिवसभर मान वळवत नसे.

खोड एकच. वाक्याच्या शेवटी 'ओव्हर'. "चहा झाला का? ओव्हर."

माझा धाकटा भाऊ कल्याणला इंग्रजी शाळेत जायचा. त्याला विचारलं. "ताई, ओव्हर म्हणजे संपलं," तो म्हणाला. मी तेव्हा विशीतली. अक्कल मात्र अजून परकरातली. नवऱ्याचं बोलणं संपलं असं समजून मी चहा समोर ठेवायची आणि मुकाट आत जायची. ते माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटे, फौजी माणूस, असेल काहीतरी.

एका हिवाळ्यात त्यांना ताप चढला. दुपारी डोळे मिटून पुटपुटले, "मी ठीक आहे. ओव्हर." आणि निपचित पडले.

संपलं! मी असा हंबरडा फोडला की सासूबाई हातातलं सूप टाकून धावल्या. शेजारचा रामा बांबू तोडायला कोयता घेऊन निघालासुद्धा. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मला कुणी कळवलं नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "अगं भवाने, कुंकू तरी पुसलं नाहीस ना?"

ताप उतरल्यावर नाईकांनी मला समोर बसवलं. "ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. संपलं त्याला आउट म्हणतात. तू कधी उत्तरच देत नाहीस."

मग त्यांनी जगन्नाथचं सांगितलं. पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

जगन्नाथ पुढच्या पिकेटवर, म्हणजे डोंगरावरच्या चौकीवर, ऑपरेटर होता. नाईक खाली कंपनी हेडक्वार्टरला, सेटवर. सकाळी धुकं होतं. जगन्नाथचा आवाज आला, "शत्रू नाल्यातून वर येतोय. मदत पाठवा. ओव्हर." नाईकांनी मेजरसाहेबांना सांगितलं. साहेबांनी तिथल्या तिथे प्लाटून, जवानांची तुकडी, पाठवली. नाईक सेटवर बोलले, "मदत निघाली. ओव्हर."

पलीकडे ते पोचलं नाही. यांचा सेट ऐकत होता, बोलत नव्हता. बॅटरी बदलली, एरियल बदलली. जगन्नाथ विचारतच राहिला, "मदत येते आहे का? ओव्हर." शेवटी नुसतंच, "ओव्हर."

प्लाटून पोचली. पिकेट वाचली. जगन्नाथ सेटपाशी पडला होता, हेडफोन कानावरच.

नाईक एवढं बोलले आणि म्हणाले, "ओव्हर."

"ऐकलं," मी म्हटलं. "ओव्हर."

त्या दिवसापासून मी एकही 'ओव्हर' रिकामं जाऊ दिलं नाही. भांडणातसुद्धा. "तुमच्या आईला तुम्हीच समजवा. ओव्हर." सासूबाई म्हणायच्या, दोघंही कामातून गेली.

पुढं काही वर्षांनी त्यांच्या छातीनं दगा दिला. कल्याणच्या दवाखान्यात नेलं. शेवटच्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. "म्हशीला पाणी पाजलं? ओव्हर."

म्हैस खडवलीत, मी त्यांच्या उशाशी. "पाजलं. ओव्हर," मी खोटंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी वाट बघितली. पुढं काही आलं नाही. या वेळी मी ओरडले नाही.

तेराव्याला ठाण्याहून, टेंभी नाक्याजवळ राहणारे हवालदार दत्तू आले. लढाईत हे आणि ते एकाच सेटवर आळीपाळीनं ड्यूटी करायचे. जेवले नाहीत. ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसले आणि नाईक शेवटी काय बोलला ते विचारलं. मी म्हशीचं सांगितलं. ते हसले, मग बराच वेळ टोपीच चाचपत राहिले. मी म्हटलं, "भावोजी, आउट काही ते म्हणाले नाहीत."

दत्तू म्हणाले, "म्हणेल कसा, वहिनी? जगन्नाथला 'मदत निघाली' एवढं सांगायचं राहिलं होतं. आधी तिकडं गेला असेल."