सुकडीला डिझेलचा वास

बहात्तरच्या दुष्काळात मी तालुक्याच्या एका सहकारी सोसायटीची पिकअप चालवत होतो. गाडी जुनी. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून तिला डिझेलचं बसवलेलं, आणि ते बसवणाऱ्यानं धूर कुठून बाहेर जाणार याचा विचारच केलेला नव्हता. सायलेन्सर गंजून चाळणी झालेला. त्याच्या पुढचा पाइप तारेनं बांधलेला, तोही हौद्याच्या बरोबर खाली तुटलेला. त्यामुळं सगळा धूर फळ्यांच्या फटींतून वर हौद्यात शिरायचा आणि ताडपत्रीखाली कोंडून राहायचा.

त्या हौद्यात मी माणसांचं खाणं नेत होतो. माकणीच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं होतं. चारेकशे माणसं खडी फोडायला बसलेली, त्यांत बायाच जास्त. त्यांच्यासाठी सरकारची सुकडी यायची. सुकडी म्हणजे पीठ आणि गूळ घालून भाजलेला कोरडा भरडा. सोसायटीच्या गोदामातून पोती भरायची, दीड तास गाडी हाणायची आणि कामावर नेऊन उतरवायची, हे माझं काम. केबिनमध्येही धूर यायचा. मी तोंडाला उपरणं गुंडाळायचो आणि काच खाली करायचो. मागं काय होत असेल, हे दोन महिने माझ्या मनातही आलं नाही.

एके दिवशी पोती उतरवून मी गाडीच्या सावलीत बसलो होतो. एक म्हातारी ओंजळीत सुकडी घेऊन समोर येऊन उभी राहिली. हाताला फडकी बांधलेली, फडक्यांवर खडीचा पांढरा धुरळा.

"ड्रायव्हरदादा, तू जेवलास का?"

"न्हाय अजून."

"मंग घे. खा."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला काही कळलं नाही. वाटलं, म्हातारी माया करतेय. चिमूटभर घेऊन तोंडात टाकली. आधी गुळाची गोडी लागली आणि मग तिच्यामागून डिझेल आलं. जिभेवर तेलकट थर बसला. नाकात, घशात, टाळूला तोच वास. ती माझ्याकडं बघत उभी होती म्हणून मी कसाबसा घास गिळला. मग चाकाआड गेलो आणि सगळं ओकून टाकलं.

परत आलो तेव्हा म्हातारी तिथंच होती. तिनं ओंजळीतली उरलेली सुकडी शांतपणे स्वतःच्या तोंडात टाकली. "आमाला सवय झालीय," म्हणाली आणि खडीकडं निघून गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मायला हे सांगितलं. माय दुसऱ्या एका कामावर जायची, पाझर तलावाच्या मातीवर. ती चुलीपुढं बसली होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटली. मग मला एकदम आठवलं की सकाळची दुसरी खेप मीच त्या तलावावर टाकत होतो.

"माय, तुमच्याकडं बी तसलीच येती?"

"येती की."

"मंग मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? आपल्या वस्तीत महिन्याचा पगार आणणारा तू एकटा. तू जाऊन सायबाशी भांडला असतास." तिनं लाकूड आत सारलं. "अन् बाया मला म्हणायच्या, तुझ्या लेकाच्या गाडीचा वास हाय हा. मी म्हणायची, व्हय, हाय."

त्या रात्री मला भाकरी गेली नाही. स्वतःच्या आईला दोन महिने मी धूर खाऊ घालत होतो, आणि ती चार बायांत खाली मान घालून तो खात होती.

सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांकडं गेलो. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, मोठ्या बागाईतीचा माणूस. गाडीत बसायचा तेव्हा सीटवर आधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा. धुळीसाठी, असं म्हणायचा. पण सेक्रेटरीच्या खुर्चीत बसताना त्याला टॉवेल लागायचा नाही, हे मी पाहिलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, धूर हौद्यात जातोय. सुकडी खाण्याजोगी राहत न्हाय. सायलेन्सर अन् पाइप नवा टाकावा लागंल."

त्यानं माझं बोलणं पुरतं ऐकलं. "बरं झालं आठवण करून दिलीस. पुढच्या आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब दुष्काळ बघायला येणार आहेत. गाडी झकास दिसली पाहिजे. रंग देऊन घे. पाइप मी सोलापूरहून मागवतो."

चार दिवसांनी पाइप आला. हातभर लांबीचा, आरशासारखा चकचकीत, टोकाला माशाच्या शेपटीसारखा पसरलेला. कुठल्या तरी छोट्या मोटारीला मागं शोभेसाठी लावतात तो. मी तो घेऊन तुळजापूरच्या मिस्त्रीकडं गेलो. हा म्हातारा मिस्त्री निजामाच्या काळापासून गाड्या दुरुस्त करत होता. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ तिथंच राहिला आणि काळं तोंड घेऊन बाहेर आला. चकचकीत पाइप त्यानं हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ये क्या हाय?"

"अध्यक्षांनी दिलाय. मागं बसवायचाय."

"मागं सायलेन्सरच न्हाय, तर ह्याला जोडू कशाला? मय्यतीला अत्तर लावायला सांगतो का तुजा सेठ?" त्यानं पाइप कोपऱ्यात टाकला. "अन् जोडला तरी लई बारीक हाय. इंजिनाचा दम घुटंल. धूर बाहेर जाईना तर इंजिन काळंच ओकणार."

मी त्याला म्हातारीची ओंजळ सांगितली. मायचंही सांगितलं. मिस्त्री हातातलं फडकं पिळत ऐकत राहिला. मग म्हणाला, "दोन दिवस गाडी इथं ठेव. अध्यक्षाला सांग, रंग सुकतोय."

ते दोन दिवस मीही त्याच्या हाताखाली काम केलं. त्यानं एका मोडीतल्या ट्रकचा सायलेन्सर काढला, मधोमध कापला, आतली काजळी खरवडून पुन्हा वेल्डिंगनं बंद केला. काजळीचा ढीग घमेलंभर निघाला. तेवढीच काजळी आमच्या गाडीनं कुठं टाकली असेल ते मला माहीत होतं. विहिरी आटल्यामुळं पाणी उपसायच्या पंपांचे लोखंडी पाइप गावोगाव पडून होते. त्यांतला एक रुंद पाइप मिस्त्रीनं आणला. इंजिनापासून तो केबिनच्या डाव्या अंगानं वर नेला आणि टपाच्या वर हातभर काढून मागं वाकवला, ट्रॅक्टरला असतो तसा. इंजिन हादरलं की सांधा तुटू नये म्हणून टायरच्या पट्ट्यांवर तो टांगला. शेवटी हौद्याच्या फटी पत्र्यानं बुजवल्या.

गाडी चालू केली. पाइपातून एक काळा लोट वर गेला आणि मग धूर पातळ झाला. मिस्त्री हौद्यात चढून ताडपत्रीखाली बसला आणि मला गावाबाहेर चक्कर मारायला लावली. उतरल्यावर म्हणाला, "जा. आता खिला तेरी माँ को."

दुसऱ्या दिवशी पहिली खेप मी तलावावर नेली. मायनं पोत्यात हात घातला, नाकाशी नेला. माझ्याकडं बघितलं नाही. पण शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "आज गुळाचा वास येतोय बग."

मोठे साहेब आले आणि गेले. त्यांनी गाडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्यासाठी सुकडीची बशी आली ती वेगळी होती, अध्यक्षांच्या घरून तुपात भाजून आणलेली. साहेबांनी चमचाभर चाखली आणि "उत्तम आहे" म्हणाले. खडीवरच्या बाया ते लांबून बघत होत्या.

अध्यक्षांनी मात्र गाडी पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरी आणि कारकून तिथंच होते.

"ते धुराडं कापून टाक."

"का साहेब?"

"कडबा करपतोय."

येताना रिकाम्या गाडीत गुरांच्या सरकारी छावणीतला कडबा भरून अध्यक्षांच्या गोठ्यावर टाकायचा, हेही माझंच काम होतं. तो मी मुकाट्यानं टाकत आलो होतो. आता पाइप वर तापायचा, त्यामुळं कडबा उंच रचता येत नव्हता. त्याच्या बैलांसाठी चारशे माणसांनी पुन्हा धूर खायचा होता.

जुन्या खेपेत गाडीतून जाऊन परत आलेलं एक पोतं गोदामात पडून होतं. मी गेलो, त्यातली ओंजळभर सुकडी आणली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"आधी ही खाऊन बघा. मंग कापतो."

त्यानं चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि झटक्यात टाकून दिली. धोतराला बोटं पुसत ओरडला, "हे काय माणसानं खायचं असतं व्हय?"

कारकुनानं मान खाली घातली. आपण काय बोलून गेलो ते अध्यक्षाला उशिरा कळलं. कळलं तेव्हा तो लाजला नाही, चिडला. "तुमच्यासारख्यांना गाडी दिली, हीच माझी चूक," म्हणाला आणि निघून गेला.

धुराडं कापायचं कुणी पुन्हा बोललं नाही. कडबा बैलगाडीतून जाऊ लागला. महिन्याभरानं मला काढून त्याच्या मेहुण्याला गाडीवर घेतलं. कारण विचारायला मी गेलो नाही. त्याच्यासमोर पुन्हा उभं राहण्याची किळस पोटाच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. पुढं मी एका कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागलो.

माय पाऊस पडेपर्यंत तलावाच्या कामावर जात राहिली. अध्यक्षाची शिसारी काळाबरोबर बोथट झाली. पण उपरण्यानं स्वतःचं नाक झाकून, मागं काय चाललंय ते न बघता मी दोन महिने गाडी हाणली, ते आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.