पदरातली वीज

कल्पना करा. नाशिकची डिसेंबरातली कोरडी सकाळ. थंडीने ओठ फुटलेत, अंगात लोकरीचा स्वेटर आहे आणि तुम्हाला एक चिप उचलायची आहे. चिंचोक्याएवढी काळी वडी, दोन्ही बाजूंना बारीक पाय. तुम्ही ती अलगद उचलता, तिच्या जागी बसवता. ठिणगी नाही, धूर नाही, आवाज नाही. पण ती मेलेली असते, तुमच्याच बोटांनी.

१९८४च्या हिवाळ्यात झुंबर पगारेच्या हातून अशा बऱ्याच चिपा मेल्या. तंत्रनिकेतनात तो प्रयोगशाळा सहायक होता. घरातला पहिला डिप्लोमावाला. जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागे आपोआप धावणारी एक गाडी तो मुलांकडून बनवून घेत होता. गाडी पट्टी सोडून भिंतीला धडकायची, नाहीतर जागीच थरथरायची. प्राचार्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "पगारे, शुक्रवारी पाहुण्यांसमोर गाडी चालली, तर ही प्रयोगशाळेची खोली तुमची. नाहीतर फिटरवाल्यांना जागा हवीच आहे."

तेव्हापासून झुंबर एका जागी ठरत नव्हता. जेवता जेवता उठायचा, बोलता बोलता गप्प व्हायचा. मोटारीच्या ठिणग्यांनी सर्किट बिथरतं हे कळल्यावर त्याने मोटारीच्या टोकांना छोटे कपॅसिटर जोडले. थरथर थांबली. लोकर घासून अंगावर साठलेली वीज नुसत्या स्पर्शाने चिप जाळते, म्हणून स्वेटर काढून तो थंडीत कुडकुडत काम करू लागला. मनगटाला तांब्याच्या तारेचं कडं घातलं आणि मोठा रेझिस्टर मध्ये ठेवून ते अर्थिंगला जोडलं, म्हणजे अंगावरची वीज हळूहळू जमिनीत उतरावी.

"सर, राखी कोणी बांधली?" मुलांमधला कळवणचा पुंजा हसत म्हणाला.

"तुलाही बांधतो. हात पुढे कर."

"मला नको. बांधलेला बैल लय वाईट दिसतो, सर!"

सगळे हसले. पण पुंजानेही कडं घातलं, आणि तरी चिपा मरतच राहिल्या. मुंबईचा दुकानदार बाद माल देतो, अशी झुंबरची खात्रीच झाली. बुधवारी घरी येऊन तो त्याच्या नावाने बोटं मोडत बसला.

कॉलेजच्या कपाटाचं कुलूप मोडकं होतं, म्हणून चिपा तो घरीच ठेवायचा आणि लागेल तशी एकेक न्यायचा. त्याची आई नवसाबाई त्या वेळी फळीवरचं आवरत होती. झुंबरने सहज मान वर केली. तिच्या हातात थर्माकोलचा पांढरा तुकडा होता. आंबेडकर जयंतीला कॉलनीतल्या पोरांनी स्तूप केला होता, त्यातला उरलेला. त्यात चिपा ओळीने टोचलेल्या होत्या, आणि नवसाबाई नायलॉनच्या पदराने त्या पुसत होती.

"आई! काय करतेस?"

"धूळ बसते ना. रोजच पुसते."

"त्या काळ्या स्पंजात होत्या. तो कुठंय?"

"टाकला. मळकट मेला, हाताला काळं लागायचं. एवढ्या लांबून आणलेली वस्तू असल्यात ठेवतात का? बघ, कशा छान रांगेत बसल्यात."

झुंबर उठून जवळ आला. थर्माकोलचे पांढरे कण तिच्या पदराला चिकटले होते. ती झटकत होती, पण ते पडत नव्हते. काळा स्पंज वीज साठू देत नाही म्हणून तर कारखानेवाले चिपा त्यात देतात. थर्माकोल आणि नायलॉन मात्र नुसत्या घासण्याने वीज धरतात.

"माझ्या पदरात वीज?" त्याने समजावल्यावर नवसाबाई हसली. "मग तुझं लाइटबिल भरायचं कशाला?" पण त्याचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "मीच मारल्या का रे त्या?"

"तू नाही, हवा कोरडी आहे," तो म्हणाला. अर्धं खरंच होतं ते.

नवा माल शुक्रवारपर्यंत येणं शक्य नव्हतं. उरलेल्या सगळ्या चिपांना तो पदर लागलेला. गुरुवारी त्याने कडं घालून एकेक तपासली. काही ठार होत्या. काही मात्र अगदी ठणठणीत निघाल्या. त्यातली एक त्याने गाडीत बसवली.

शुक्रवारी गाडी चालली. वळणावर झुकली, सावरली, पट्टीच्या टोकाला येऊन थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "बरं, ठेवा खोली," प्राचार्य म्हणाले. पुंजाने गाडी उचलून नाचवली तेव्हा झुंबर ओरडला, "अरे, खाली ठेव!"

जानेवारीत एका सकाळी त्याने बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. बॅटरी नवी होती, जोडण्या पक्क्या होत्या. मेली होती ती चिपच. त्या शुक्रवारनंतर गाडी पत्र्याच्या पेटीत बंद होती आणि पेटीची किल्ली झुंबरच्याच खिशात. कुणी बोट लावलं नव्हतं.

झुंबरने ती चिप काढून उजेडात धरली. वरून नव्यासारखी दिसत होती. उरलेल्या ठणठणीत चिपा काल त्याने मुलांच्या नव्या यंत्रात बसवल्या होत्या. प्रत्येकीने काल तपासणीत बरोबर उत्तर दिलं होतं, जसं हिने त्या गुरुवारी दिलं होतं.

मार बसला आहे, पण अजून मेली नाही, अशी चिप ओळखायची तरी कशी?