इमामभाईंचं कोल्हापूर

इमामभाई शिकलगार गेल्याची बातमी आली तेव्हा शाहूपुरीत आमच्या अडतीवर गुळाचा सौदा चालला होता. सांगत आलेल्या माणसाला मी आधी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? इमामभाई या गृहस्थाचा मला कधीच भरवसा वाटला नव्हता. उद्या बायस्कोपच्या तंबूत उभा राहून हा स्वतःच्याच मयताची गोष्ट सांगेल आणि गावाला हसवेल, अशी शंका मनात होती... पण मातीला गेलो, मूठभर माती टाकली आणि तिथं मात्र माझा धीर सुटला. फार वाईट वाटलं.

महाराजांच्या कुस्त्या नसतील त्या दिवसांत खासबागेजवळ बायस्कोपचा तंबू लागायचा. चित्रं परदेशी आणि मुकी, नुसती पळापळ आणि पडापड. लोकांना कळावं म्हणून पडद्याशेजारी एक सांगणारा उभा करायची रीत होती, आणि ते काम इमामभाईंचं. हातात वेताची काठी. पडद्याला काठी टेकली की परदेशातला रस्ता पापाची तिकटी व्हायचा, मिशाळ पोलीस गंगावेशीतला फौजदार व्हायचा, आणि धावत सुटलेली बाई पाण्याच्या खजिन्यावर घागर विसरून आलेली असायची. तंबू हसून लोळायचा, पण बाहेर पडताना जो तो शेजाऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायचा. आपल्या घरातलं यांना कळलं कसं? घरचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचा, त्यामुळे इमामभाईंना गावातलं एकही दार परकं नव्हतं. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

मी तंबूत पुढच्या खुर्चीत बसायचो तोही पडदा बघायला नव्हे. कोण कशाला हसतं हे बघायला बसायचो. एका संध्याकाळी इमामभाईंनी काठी टेकली आणि म्हणाले, हे शाहूपुरीतले गुळाचे अडते. सगळा तंबू माझ्याकडं वळला. मीही मागं वळून एकेकाचं तोंड न्याहाळू लागलो. कानावर येत होतं ते असं, की अडत्यानं तिजोरीची किल्ली डोक्यावर लपवली, मग विसरला, आणि आता घरादाराच्या झडत्या घेतोय... माझा हात फेट्याकडं गेला. किल्ली मी फेट्याच्या घडीत ठेवतो हे माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं, धाकट्या भावाला, धोंडीला.

धोंडी शपथा घेत राहिला. मी ऐकलं नाही. महिन्याभरात तो वेगळा झाला आणि गगनबावड्याला जाऊन दुकान टाकून बसला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. इमामभाई स्वतः अडतीवर आले होते, धोंडीनं काही सांगितलं नाही म्हणाले. मी म्हटलं, मग कुणी सांगितलं त्याचं नाव घ्या. त्यांनी घेतलं नाही. तेवढ्यानं माझी खात्रीच पटली.

शेवटची भेट त्यांच्या घरी. खोकल्यानं माणूस पार वाळला होता. तरी मी तेच विचारलं. ते म्हणाले,

"अण्णा, कुणीबी सांगिटलं न्हाय. कवातरी पडद्याकडं बघा की."

मरतानासुद्धा टाळतो, असं मनात आलं. तसाच उठून आलो.

गेल्या आठवड्यात तंबूत एक जुनं चित्र परत आलं. रीळ झिजलेलं, सांगणारा नवा. साहेब, मेमसाहेब असं पुस्तकी काहीतरी बोलत होता, कुणी हसत नव्हतं. मला न्याहाळायला हसरी तोंडंच उरली नाहीत, म्हणून पडद्याकडं बघितलं. उंच टोपीतला एक साहेब तिजोरीला कुलूप लावत होता. इकडं तिकडं चोरासारखं बघून त्यानं किल्ली टोपीत टाकली, टोपी डोक्यावर ठेवली... मग सारं घर उलटंपालटं केलं, आणि गरीब भावाला गचांडी धरून बाहेर काढलं.

इमामभाईंनी समोर होतं तेवढंच सांगितलं होतं. गुळाचा अडत्या मात्र मला पुढच्या खुर्चीत बघूनच केला असणार, हा संशय अजून जात नाही. जाऊही नये.

धोंडीला गगनबावड्याला निरोप धाडलाय, चित्र गावातून हललं नाही तोवर ये म्हणून. येईल की नाही, शंका आहे. आला तर पुढच्या खुर्चीवर शेजारी बसवेन. इमामभाईंची काठी अजून पडद्याच्या कोपऱ्याला उभी आहे, नवा माणूस तिला हात लावत नाही. टोपीतला तो साहेब कुठल्या गावचा आणि कोण, हे या खेपेला मलाच उठून सांगावं लागेल.