पाखराचा बाप

फुलपाखरू हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात असतो. गावात जे उडतं ते पाखरू. पोपट पाखरू, बगळा पाखरू, दिव्यावर येऊन मरतं तेही पाखरूच. पानठेल्यावरच्या पोरांच्या तोंडी त्याला आणखी एक अर्थ आहे. रस्त्यानं कोणाची नीटनेटकी पोरगी चालली की एकमेकांना कोपरानं ढोसतात, "पाखरू पाह्य बे." आणि कोणाची मुलगी पळून गेली तर सगळं गाव म्हणतं, पाखरू उडालं. माझ्या पुतणीचं जे काही झालं ते या एका शब्दापासून सुरू झालं.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता वणीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे नोकरी आहे पण कायमची नाही. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या घरात माझ्या आधी कोणी दहावीला बसलं नव्हतं त्या घरातून मी निघाले, हे मी कोणालाही मान वर करून सांगते. मोठ्या भावाची मुलगी माझ्यामागे त्याच विषयाला आली. घरातली दुसरी ग्रॅज्युएट तीच होणार, हे मी तिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीच ठरवून टाकलं. तिनंही ठरवलं होतं. तेव्हा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं प्रकल्प घेतला तो फुलपाखरांच्या स्थलांतराचा. पावसाळा सरत आला की आमच्या नाल्याकाठी काळ्या पंखांवर निळसर ठिपके असलेली फुलपाखरं उतरतात. ती इथली नसतात. नाल्याकाठी खुळखुळा वाळलेला असतो, शेंगा हलवल्या की खुळखुळ वाजतात त्या. त्या वाळक्या झाडांना ही फुलपाखरं अशी लगडतात की झाडाला पुन्हा पानं फुटली वाटावं. बसतात ते बहुतेक नर. मादीला ओढणारा वास अंगात तयार करायला त्यांना त्या झाडातला कडू रस लागतो. थोडे दिवस बसतात आणि दक्षिणेकडे निघून जातात.

हे तिनं वर्गासाठी व्हिडिओ करून सांगितलं. मैत्रिणीनं फोन धरला, ही शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहिली, आणि पुस्तकी भाषा बाजूला ठेवून आपल्या घरच्या बोलीत बोलली. छान बोलली. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेन.

"हे पाखरं आपल्या इथले नाहीत. हे जे बसले दिसून राह्यले ना, हे सगळे नर होत. सगळे नर इथंच गोळा होतेत. चार दिवस बसतेत, अन् मंग एक दिवस उडून जातेत. कोणाले सांगत नाहीत, विचारत नाहीत."

व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर गेला. तिथून कोणी उचलला ते आजपर्यंत कळलं नाही. मधला रस, वास, दक्षिण दिशा सगळं कापलं. 'सगळे नर इथंच गोळा होतेत' ठेवलं, 'एक दिवस उडून जातेत, कोणाले सांगत नाहीत' ठेवलं, खाली एक चावट गाणं लावलं आणि वर लिहिलं, 'पाखरू उडणार हाय, बापानं लक्ष ठेवा.'

दोन दिवसांत मुकुटबनपासून वणीपर्यंत ते सगळ्यांच्या खिशात होतं.

दादाला ते पानठेल्यावर कळलं. ठेलेवाल्यानं चुना लावता लावता फोन पुढे केला, "दादा, हे आपल्याच घरचं ना?" दादाला तेव्हा फोनमधलं काही येत नव्हतं. कोणाला फोन लावायचा तर पोरीला हाक मारायचा. पण ते त्याला कळलं. घरी आला, पोरीच्या हातातून फोन घेतला आणि कपाटात ठेवून दिला. कॉलेज बंद. दारव्ह्याकडचं एक स्थळ चालून आलेलं होतं, त्यांनी तर काही बोलायचीही तसदी घेतली नाही. मध्यस्थाला तोच व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र, म्हणजे नकार.

मी रविवारी गावी गेले. दादा ओसरीत बसला होता. तो मला बाई म्हणतो, लहानपणापासून.

"बाई, तू मधात पडू नको."

"पडणार. तिनं काय चुकीचं बोललं ते सांग."

"चुकीचं नाही बोलली, तरीबी लोकं हसूनच राह्यले न. मले काय म्हणतेत माहीत आहे का तुले? पाखराचा बाप. सोसायटीत गेलतो खताले, तिथंबी पाखराचा बाप."

"हसणाऱ्याचे दात दिसतात. तुझं काय गेलं?"

"तुले काय जाते बोलाले. तू वणीले राहते. मले या रस्त्यानं रोज जा लागते."

वहिनी चहा ठेवून गेली. पोरगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसले तर म्हणाली, "आत्या, मी स्थलांतर म्हटलं असतं तं काही झालं नसतं न व?" मी म्हटलं, "तू जे म्हटलं ते बरोबर म्हटलं. तोंड धू."

संध्याकाळपर्यंत मी दादाशी भांडले. शेवटी तो तयार झाला. पोरगी कॉलेजात जाईल, पण फोन घरी राहील, त्याच्याजवळ. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, जिंकले. पुतणी दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जीपमध्ये बसून वणीला आली. मागच्या सीटवर कोणीतरी ते गाणं गुणगुणलं. मी वळून पाहिलं तसं थांबलं.

आता फोन दादाजवळ होता, आणि फोन काही गप्प बसत नाही. दिवसभर टिंग टिंग करायचा. आधी तो रागानं उघडायचा, कोणी पोरगा लिहितो का बघायला. तेवढ्यात कुठल्याशा मोठ्या अकाउंटवाल्यानं तिचा पूर्ण व्हिडिओ शोधून काढला, न कापलेला, आणि लिहिलं की बघा, खेड्यातली मुलगी आपल्या बोलीत विज्ञान कसं सांगते. त्याखाली लोक लिहायला लागले. दादा चौथी शिकलेला, एकेक अक्षर लावून वाचायचा. एक दिवस त्याचा मला फोन.

"बाई, साताऱ्याची एक बाई लिहून राह्यली, 'ताई, खूप छान माहिती.' आपल्या पोरीले ताई म्हणून राह्यली साताऱ्याची."

"बरं आहे ना मग."

"अन् एक लिहून राह्यला, अशा मुलीच्या आईवडिलांना नमस्कार. आईवडील म्हणजे आम्हीच न व?"

मी हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस निवळला. पुढच्या महिन्यात गेले तर तो बाजेवर आडवा, छातीवर फोन, अंगठा वर, वर, वर. मी आले तरी उठला नाही. वहिनी म्हणाली, "जेवतानीबी असंच. आधी पोरीले बोलत होते, आता पोरगी यांले बोलते."

मग तो तिला म्हणाला, आणखी एक टाक. तिनं नाही म्हटलं. तो म्हणाला, "लोकं विचारून राह्यले, ताई कुठं गेली." तिनं एक टाकला. मग उन्हाळ्यात सुट्टी लागली आणि ते रोजचं झालं. दादा फोन धरायला शिकला. आडवा नाही, उभा धरायचा, हे त्यानं मला समजावून सांगितलं. गावाचंही रूप पालटलं. ज्या पोरांनी चावट गाणं वाजवलं ती पोरं आता "ताई, आमालेबी घ्या न" म्हणत नाल्यावर यायची. ठेलेवाला गिऱ्हाइकाला तोच फोन दाखवून सांगायचा, आपल्याच गावची आहे, घरचीच. माफी कोणी मागितली नाही. मागायची असते हेच कोणाच्या ध्यानात नव्हतं. आणि दादाला पुन्हा पाखराचा बाप म्हणायचे, तोच शब्द, त्याच सोसायटीत. आता तो हसून हात वर करायचा.

पोळ्याला मी गेले तेव्हा वहिनीनं कोथिंबीर मागितली. फ्रीज उघडला. दह्याच्या भांड्याशेजारी स्टीलचा डबा होता. झाकण काढलं तर आत फुलपाखरं, परसातली नेहमीचीच. पंख मिटून, एकावर एक. मी डबा तसाच घेऊन ओसरीत आले.

"दादा, हे काय आहे?"

"बंद कर, बंद कर, गरम होईल. उडतेत ते लागलीच."

"फ्रीजमध्ये?"

"मरत नाहीत व. झोपतेत. थंडीनं सुस्त झाले की हातावर बसतेत आरामानं, पाच मिन्टं. मंग उन्हानं जागे होतेत अन् उडतेत. ते उडतेत तेच तं पाह्यतेत लोकं."

"सगळी उडतात?"

दादानं पोरीकडे पाहिलं. ती आरशासमोर केस बांधत होती.

"बहुतेक," ती म्हणाली.

हिनं प्रकल्पात लिहिलं होतं की फुलपाखरांचे पंख बोटानं धरू नयेत. मीच तपासून दिलं होतं ते. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "तू बोलू नको आत्या, मले माहीत आहे." मग मला तिनं नवा व्हिडिओ दाखवला. त्यात ती सांगत होती की ही पाखरं हिमालयातून आली.

"हिमालयातून कुठं येतात ही?"

"नाही येत. पण हिमालय म्हटल्याबिगर कोणी थांबत नाही. बोटानं वर सारून देतेत लोकं."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. एखादी गोष्ट ठाऊक नसणं वेगळं. ठाऊक असून दुसरंच बोलायला आमच्या घरातलं कोणी कॉलेजात जाऊन शिकलं नव्हतं. ही ते घरी बसूनच शिकली.

तिसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं होतं, पण ती आठवड्यातून एखादा दिवस यायची. हिवाळी परीक्षेचे पेपर लागले. पहिलाच पेपर आमच्या विषयाचा. त्याच आठवड्यात नाल्यावर फुलपाखरं उतरली. मी फोनवर सांगितलं, पेपर आहे, विसरू नको. 'हो हो' म्हणाली. मला तो 'हो हो' आवडला नाही. पेपरच्या दिवशीचे तास सोडले आणि पहाटेच्याच जीपनं गावी गेले. उतरताना ड्रायव्हरला सांगितलं की परतताना फाट्यावर थोडं थांब, पोरगी आहे परीक्षेची.

घरी दादा नव्हता, पोरगी नव्हती. वहिनी म्हणाली, नाल्यावर गेले दोघं.

खुळखुळा लगडला होता. इतकी मी लहानपणापासून पाहिली नव्हती. पोरगी नऊवारी नेसून उभी होती, कपाळावर चंद्रकोर. आमच्या घरात नऊवारी माझ्या आजीच्या मागे कोणी नेसलं नव्हतं. दादा फोन उभा धरून बसला होता.

"जीप येते आहे. साडी बदल, चल."

"आत्या, पेपर पुढच्या वर्षी देता येते. पाखरं चारच दिवस राह्यतेत."

"पुढच्या वर्षी कोणी देत नाही. मी शिकवते, मला माहीत आहे. एकदा सुटलं की सुटलं."

"मंग सुटलं."

"तू हे बोलते? घरात दुसरी ग्रॅज्युएट..."

"तूच म्हणते ते, दुसरी ग्रॅज्युएट. दुसरी म्हणून कोण ओळखते कोणाले?" आवाज चढला नव्हता तिचा. "आत्या, तू एवढी शिकली. इतके वर्ष झाले, तासावरच आहेस. दरवर्षी जूनमधी तुले भीती राह्यते का घेतेत का नाही घेत. मी नाही पाह्यलं का? अन् मले ज्या लोकांनी पाखरू पाखरू करून घरात कोंडलं ते आता ताई म्हणतेत. हे डिग्रीनं झालं असतं का?"

माझ्याजवळ उत्तर होतं. वर्गात असते तर दिलंही असतं, फळ्यावर लिहून दिलं असतं. पण जूनचं ती बोलली ते खरं होतं, आणि ताई म्हणतात तेही खरं होतं. मी दादाकडे पाहिलं. म्हटलं, "तू तरी सांग. तिच्या कॉलेजावरून माझ्याशी भांडला होतास ना, आता कॉलेजासाठी तिच्याशी भांड."

"तवाचं तवा होतं बाई," दादा म्हणाला. नजर फोनवरच होती. "लाइव्ह चालू करतो आता, लोकं येऊन राह्यले. जराशी बाजूले हो. फ्रेमात येऊन राह्यली तू."

मी बाजूला झाले.

धुऱ्यावरून चालत फाट्याला आले. मागून तिचा आवाज येत होता, घरातल्या आवाजाहून दोन पट्ट्या वर, "नमस्कार मंडळी," आणि पुढे हिमालय. जीप उभी होती. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं.

"म्याडम, पोरगी येत होती न? थांबू का?"

"नको," मी म्हटलं. "चाल."